अल्टर

गेल्या मंगळवारची गोष्ट. पुण्याला ताईच्या मुलाचं लग्न आहे, आणि ह्या वेळी आईची वांगी रंगाची माहेश्वरी नेसायची असं मी कधीचं ठरवून टाकलं होतं. साडीचा प्रश्न नव्हता, साडी कुणालाही होते. प्रश्न ब्लाउजचा. आई अंगानं काडी, आणि मी इंदूरच्या सुदामानगरात तीस वर्षं पोहे-जिलबीवर पोसलेली. तर ब्लाउज पिशवीत घालून शीतलामाता बाजाराच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे एका जिन्याखाली एक मास्टरजी बसतात, जागा म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि वर लोंबणारा पिवळा बल्ब. ब्लाउज पुढे केला आणि घाईत म्हटलं, "मास्टरजी, ये ब्लाउज चेंज करना है." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चेंज करना है तो जहाँ से लिया वहाँ जाओ मॅडम. हम तो अल्टर करते हैं." आणि बोटानं वरची पाटी दाखवली, हातानं रंगवलेली, यहाँ सभी प्रकार के कपड़े आल्टर किये जाते हैं.

मी गेली बावीस वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेते.

लाज वाटली असं नाही, पण काहीतरी टोचलं खरं, कारण आदल्याच दिवशी संध्याकाळी हाच शब्द माझ्या हातून निसटला होता. शेजारच्या बिल्डिंगमधला आठवीतला मुलगा येतो माझ्याकडे, त्याच्या वर्कशीटवर पाच शब्द होते, चेंज, अल्टर, मॉडिफाय, कन्व्हर्ट, अडॅप्ट, आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य करायचं होतं. ह्यानं लिहिलं की शाळेतून घरी आल्यावर मी माझे कपडे अल्टर केले. मी लाल पेनानं गोल काढला. तो म्हणाला, "का पण काकू? डिक्शनरीत अल्टर म्हणजे चेंजच दिलंय." आणि मी शिक्षकांचं ते जगातलं सगळ्यात आळशी उत्तर दिलं, "अरे, तसं म्हणत नाहीत." का म्हणत नाहीत? माहीत होतं की चूक आहे, पण का ते ओठावर येईना. आणि दुसऱ्या दिवशी तेच एका माणसानं तोंडात टाचण्या धरून सांगितलं. कपडे चेंज केले म्हणजे एक काढला, दुसरा घातला. अल्टर केले म्हणजे कपडा तोच राहिला, फक्त उसवून पुन्हा शिवला. डिक्शनरीत दोन्ही एका ओळीत बसतात, अंगावर बसत नाहीत.

मास्टरजींनी ब्लाउज उलटा केला. बगलेखालची शिवण अंगठ्यानं चाचपली आणि खूश होऊन मान हलवली, "मार्जिन बहुत छोडी है किसी ने." ते किसी ने म्हणजे रामबागेतला आमचा जुना शिंपी. आई त्याच्यासमोर उभी राहून सांगायची, माया भरपूर ठेव रे, कापड माझं आहे, तुझं काय जातंय. हो, माया. मार्जिनला आई माया म्हणायची, आणि मला लहानपणी वाटायचं की हा काहीतरी प्रेमाबिमाचा मामला आहे, शिवणीच्या आत थोडी माया ठेवतात म्हणून. ब्लाउज इथला होळकरांचा राजवाडा जळला त्याच्या आदल्या वर्षीचा. आमच्या घरात तारखा अशाच मोजतात, राजवाडा जळायच्या आधी आणि नंतर. म्हणजे ब्लाउज १९८३ चा. तर मास्टरजींनी ब्लेडनं टिपेचा एक टाका तोडला, दोरा ओढला, आणि शिवण कर्रर्र करत उघडली. आत रंग होता! बाहेरचं कापड धुऊन धुऊन, उन्हात वाळून, शिळ्या वांग्यासारखं झालेलं, आणि आतली दीड इंचाची पट्टी अगदी ताज्या, देठाजवळच्या, चकाकत्या वांग्याची. चाळीस वर्षं तिला ऊनच लागलं नव्हतं. मधे जुन्या टिपेची भोकं, मुंग्यांच्या रांगेसारखी. मी बोट फिरवलं तर लागत होती बोटाला. वास मात्र नव्हता कसलाच, डांबर गोळ्या सोडून, उगीच खोटं का सांगू.

"लाइन दिखेगी," ते म्हणाले, "दोनों साइड डार्क पट्टा आएगा. चलेगा?"

मी म्हटलं विचार करून सांगते. आणि घरी आले ती ब्लाउजचा सोडून शब्दाचाच विचार करत बसले.

तसं पाहिलं तर अल्टर हा मूळचा लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ बदलणं नाहीच, त्याचा अर्थ दुसरा. दोघांतला दुसरा. म्हणून अल्टर्नेट म्हणजे एक सोडून दुसरा, अल्टर इगो म्हणजे आपलाच दुसरा मी, आणि दुसरा आला की भांडण आलंच म्हणून अल्टरकेशन म्हणजे वादावादी. हे मला कॉलेजात कुणीतरी सांगितलं होतं तेव्हा मी फक्त परीक्षेपुरतं पाठ केलं. पण परवा रात्री पोळ्या लाटता लाटता डोक्यात आलं की अरे, आपल्याकडे पण हेच आहे की. भाषांतर, स्थलांतर, वेषांतर, रूपांतर, धर्मांतर, सत्तांतर, ह्या सगळ्यांच्या शेपटीला जे अंतर आहे ते काय? ते मैल-किलोमीटरचं अंतर नाही, ते संस्कृतातलं अंतर, म्हणजे दुसरा. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, वेषांतर म्हणजे दुसरा वेष. आणि गंमत म्हणजे हे आपलं अंतर आणि इंग्रजीतला अदर हे दोघं शब्दांच्या घराण्यात सख्खे नातेवाईक, एकाच मुळाचे. अल्टर जरा लांबचा, त्याचं पहिलं अक्षर वेगळ्या घरचं पण शेवटचं तर तेच. पोळी करपली. पण मराठी कान बिचारा अंतर म्हटलं की लांबी ऐकतो. स्थलांतर म्हटलं की मला आपोआप इंदूर ते पुणे दिसतं, रात्रभराची बस आणि पहाटेची ती चिकट जीभ.

बदल हा शब्द तर आपला नाहीच, अरबीतून आलेला, मूळ अर्थ एकाच्या जागी दुसरं, मोबदल्यात. मोबदला, तबादला, ही सगळी त्याचीच पिल्लं. इतकंच काय, अमक्याबद्दल तमक्याबद्दल म्हणतो तो बद्दल पण तिथलाच. म्हणजे आईबद्दल लिहिते म्हणताना मी न कळत आईच्या जागी काहीतरी ठेवते आहे. असो, हे जरा जास्तच झालं. पण मराठीत माणूस बदलला म्हटलं की त्यात तक्रार असते, हे पाहिलंय का कधी? "तू खूप बदललीस गं" हे कौतुकानं कुणी म्हणत नाही. कौतुकाला सुधारली, निवळली, मार्गाला लागली, असले वेगळे शब्द आहेत. नशीब मात्र पालटतं, दिवस पालटतात, तोंडाची चव पालटायला लोणचं लागतं, आजाऱ्याला हवापालट लागतो. पालटणं म्हणजे कूस पालटणं, माणूस तोच, अंथरूण तेच, फक्त दुसऱ्या अंगावर. आमच्या आजोबांचा एक ठरलेला विनोद होता. १९४८ साली मध्यभारत झाला तेव्हा राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. आजोबा सरकारी कारकून, तर ते म्हणायचे की जगात हवापालटाला जाणारी राजधानी फक्त आमची. फायलींच्या पेट्या बांधायच्या नि सोडायच्या. मग १९५६ च्या १ नोव्हेंबरला मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि आजोबांचा विनोद गेला.

कन्व्हर्टला मराठीत शब्द शोधत होते त्या मुलासाठी. रूपांतर करणे, परिवर्तन करणे, सगळे पुस्तकी, आठवीतल्या मुलाच्या तोंडी ठेवले तर नाटकातला राजा वाटेल. मग लक्षात आलं की आपल्याला क्रियापद लागतच नाही. आपण नुसता चा-ची-चे लावतो आणि काम होतं. दुधाचं दही झालं. इंचाचे सेंटिमीटर कर. राईचा पर्वत केला, रावाचा रंक झाला. आई तर दिवसभर हेच बोलायची, तुमच्यासाठी जिवाचं रान केलं, रक्ताचं पाणी केलं, हाडाची काडं केली. किती कन्व्हर्जन झाली बघा एका बाईची एका वाक्यात, आणि क्रियापद एकच, करणे! ते पण भूतकाळात. हे मी त्या मुलाला सांगितलं तर तो इतका हसला की कंपासपेटी खाली पडली.

अमेंडचा घोळ वेगळाच, आणि तो इथं इंदुरात राहिल्याशिवाय कळणार नाही. मागच्या दिवाळीला ताईचा हा मुलगा, नवरदेव, आमच्याकडे आला होता. सकाळी पोह्यांवर जिरावण घालत हिंदी पेपर वाचत होता आणि एकदम म्हणाला, "मावशी, तुमच्या इथे नगर निगम पण रिसर्च करतं?" मला काही कळेना. बातमीचा मथळा होता, नियमों में संशोधन. मराठीत संशोधन म्हणजे प्रयोगशाळा, पांढरा कोट, पीएचडी. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. आपण घटनादुरुस्ती म्हणतो, ते संविधान संशोधन म्हणतात. मला आपला शब्द जास्त आवडतो, खरं सांगायचं तर. घटनादुरुस्ती म्हटलं की घटना कशी घरातल्या मिक्सरसारखी वाटते, आपलीच, वापरातली, कुठेतरी खरखर करते म्हणून उघडून बघायची. आणि इंग्रजी अमेंडचं मूळ पण तेच आहे, दोष काढून टाकणं.

अशा शब्दांत आमची सारखी तारांबळ. नामांतर म्हटलं की महाराष्ट्रात विद्यापीठ आठवतं, मोर्चे आठवतात. इकडे नामांतरण म्हणजे घराच्या कागदावर एकाचं नाव काढून दुसऱ्याचं लावणं. आई गेल्यावर मी तो फॉर्म भरला. महाराष्ट्रात शेतजमिनीला फेरफार म्हणतात, काकांच्या अकोल्याकडच्या तुकड्याच्या कागदावर वाचलाय मी तो शब्द, आणि इंग्रजीत दोन्हीला म्यूटेशन. फॉर्मच्या वर छापलेलं होतं ते. म्यूटेशन! मला तोपर्यंत तो शब्द करोनाच्या बातम्यांतून आणि सायन्सच्या पुस्तकातून माहीत. खिडकीपलीकडच्या बाईनं विचारलं, किसकी जगह किसका नाम, आणि मी सांगितलं, आईच्या जागी माझं. ती म्हणाली, हिंदी में बताइए.

बाबा बँकेत होते, कॅशवर आधी, मग क्लिअरिंगला. त्यांच्या तोंडी अल्टरेशन हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकला, पण कपड्यांचा नाही, चेकचा. मटेरियल अल्टरेशन. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, कलम ८७, हे त्यांना रामरक्षेसारखं पाठ. चेकवर एक आकडा कुणी संमतीशिवाय फिरवला तर चेक मेला, असं ते सांगायचे. मराठीत ह्याला काय म्हणायचं विचारलं तर म्हणायचे, खाडाखोड, दुसरं काय. बघा, कापडाचं उसवणं, कागदाची खाडाखोड, जमिनीचा फेरफार, इंग्रजीत अल्टर नि म्यूटेशन असल्या दोन भांड्यांत जे मावतं त्याला आपल्याकडे वस्तूगणिक वेगळं भांडं. आणि मोटरसायकलला? गल्लीतली पोरं सायलेन्सर काढून फटफट करणारा लावतात, त्याला म्हणतात मॉडिफाय. कायद्यात मात्र शब्द अल्टरच, मोटार वाहन कायद्यात, १९८८ च्या, कलम ५२ चं नावच आहे अल्टरेशन इन मोटर व्हेइकल. मॉडिफाय हा शब्द खरंतर माप ह्या अर्थाच्या शब्दातून आलेला, जरासं मापात आणणं, सौम्य करणं. रात्री अकराला माझ्या खिडकीखालून जे जातं ते कुठल्याच मापात नसतं.

आणि चेंज. लहानपणी चेंज म्हणजे खांडवा. पुण्या-मुंबईकडे जायचं तर इंदुराहून मीटरगेजची छोटी गाडी, पाताळपाणीचा घाट, कालाकुंड, आणि मग रात्री खांडव्याला उतरून मोठ्या गाडीची वाट बघायची. "खांडव्याला चेंज आहे," बाबा सांगायचे. तुकोजीराव होळकरांनी ही लाइन घालायला इंग्रजांना एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, १०१ वर्षांच्या मुदतीनं, हे बाबा दर वेळी सांगायचे आणि आई दर वेळी होल्डॉलवर बसून डुलक्या घ्यायची. मला आठवतो तो खांडव्याचा थंड फरशीचा प्लॅटफॉर्म, ओल्या कोळशाचा वास, कुल्हडातल्या चहाची मातकट चव आणि बाबांचा सारखा पोरं मोजणारा हात. रूळ वेगळे, एक हजार मिलिमीटर इकडे आणि सोळाशे शहात्तर तिकडे, म्हणून डबे पुढे जाऊच शकत नव्हते, माणसांनाच उतरावं लागे. आता ते सगळं ब्रॉडगेज होतंय, हिंदी पेपरात त्याला आमान परिवर्तन म्हणतात. काय भारदस्त शब्द आहे! कुणी संन्यास घेतोय असं वाटतं.

खांडव्यापासून ताईची भाषा बदलायची, ही खरी गोष्ट. इंदूरच्या घरात आम्ही सर्रास "पाणी येऊन राहिलंय", "मला झोप लागून राहिलीय" असं बोलायचो, आणि मोठी गाडी आली की ताई एकदम येतंय, लागतेय वर यायची. पुण्याला आत्याच्या घरी कुणी हसू नये म्हणून. मला ते जमायचं नाही. आत्याकडची मुलं मला मुद्दाम बोलायला लावायची. ताई पुढे पुण्याचीच झाली, आता तर तिच्या बोलण्यात इंदूर औषधालाही नाही. तिनं चेंज केलं, मी काय केलं कुणास ठाऊक, पण फोनवर भांडताना, खरंच चिडली की, ती म्हणते, "काय करून राहिलीस तू हे!" आणि मग आम्ही दोघी गप्प होतो आणि हसतो. परवा ब्लाउजचं सांगितलं तर म्हणाली, नवीनच शिव ना, इथे दोन दिवसांत देतात, त्या जुन्या चिंधीचा कशाला अट्टहास. आणि पाच मिनिटांनी परत फोन, आतला रंग अजून तसाच आहे का गं? फोटो पाठव.

आमची एक चुलत बहीण अमेरिकेत असते. तिनं एकदा आईला सांगितलं, आमच्या मांजराला अल्टर करून आणलं. तिकडे नसबंदीला असं म्हणतात. आईला वाटलं स्वेटर करून आणला असेल थंडीसाठी, आणि तिनं अगदी मनापासून विचारलं, "फिटिंग नीट झालं ना?" हे आठवून मी बुधवारी परत जिन्याखाली जाताना रस्त्यात एकटीच हसत होते, समोरून येणाऱ्या ई-रिक्षावाल्यानं वळून पाहिलं.

मास्टरजींना म्हटलं, पट्टा दिसू द्या, चलेगा. त्यांनी खडूनं रेघ मारली, मशीनमधला दोरा काढला आणि डब्यात बोट घालून रिळं उचलत बसले, एक बाहेरच्या रंगाला लावून पाही, एक आतल्या. शेवटी मधलाच कुठलातरी निवडला. मला वाटलं विचारावं का, पण नाही विचारलं. दोन्ही बाजूंनी एकेक इंच सोडला, पंधरा मिनिटं लागली. तिथेच साडीवरून ब्लाउज लावून बघितला, हात वर केला तर बगलेखाली ती गडद पट्टी दिसते, हात खाली घेतला की जाते. जुनी भोकं आहेत तशीच आहेत. इस्त्रीनं जरा बुजतील म्हणाले.

"आधा इंच अभी बाकी है," त्यांनी आतून दाखवलं, "काट दूँ? सफाई आएगी."

"रहने दो."

ऐंशी रुपये झाले, मी पाचशेची नोट काढली. त्यांनी गल्ला उघडला, बंद केला. "चेंज नहीं है मॅडम?" आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो, मला वाटतं त्यांच्या लक्षात आलं नसावं, मी मात्र कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याकडे नोट मोडायला गेले. फुकट कशी मोडणार, एक प्लेट घेतली. वर जिलबी. लग्न पुढच्या रविवारी आहे आणि माया आता फक्त अर्धा इंच उरलीय.